चढावर मागे बघायचं नाही

हे खरं आहे.

तुम्हाला पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या. या पेजवर मी गोष्टी वाचते, खालच्या कमेंटही वाचते. "ताई, मस्त रंगवलंय." रंगवायला मला वेळ नाही हो. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांची हाडं बघते. भूतबीत मला आजवर एकाही फिल्मवर दिसलेलं नाही.

आणि एक आधीच सांगून ठेवते. यात अमावास्येची रात्र नाही. दुपार होती. पोटभर जेवण झालेलं होतं. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, डोंगरातली कच्ची वाट, आणि सायकलवर आम्ही तिघं.

पुढे माझा नवरा. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. बोलणं कमी, हातात कायम पाना.

मधे मी.

मागे बारक्या.

बारक्या म्हणजे माझा धाकटा दीर. नाव बारक्या, आणि उंची अशी की दारातून येताना मान वाकवायला लागायची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो दुसरीत होता, नाक शर्टाच्या बाहीला पुसायचा. सासूबाई सूतगिरणीत पाळीवर जायच्या. त्यामुळे त्याचा डबा, त्याचे पाढे, त्याची पहिल्यांदा दाढी करताना कापलेली हनुवटी, सगळं माझ्याकडे. आम्हाला मूल झालं नाही. लोक उगाच हळहळायचे. मला तर फुरसतच नव्हती. एक होता ना घरात, उंडारणारा.

मोठा झाल्यावर तो लिफ्ट दुरुस्तीला लागला. म्हणायचा, "वहिनी, मी रोज शंभर माणसं वर पोचवतो, आणि तरी लोक मला चांगलं म्हणतात."

असा माणूस.

हा सायकलचा मार्ग लांब पल्ल्याचा होता. चार दिवसांचा, एका डोंगररांगेवरून दुसऱ्या रांगेवर. रोज चढायचं, रोज उतरायचं. सपाट म्हणाल तर झोपायची गादी तेवढी सपाट. आम्ही असले मार्ग आधीही केले होते, पण एवढा चढ कधी नव्हता.

निघताना सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"या दोघा भावांना अक्कल नाही. तुझ्या भरवशावर पाठवतेय. बारक्याला धड परत आण."

"आई, अहो अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालाय तो."

"म्हणूनच सांगतेय."

मी हो म्हटलं. हसून म्हटलं, पण म्हटलं.

आता आमची एक पद्धत सांगते. ती समजली नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

डोंगरातली वाट अरुंद असते. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला दरी. चढ चढताना मान वळवली की हँडल वळतं, हँडल वळलं की चाक कडेला जातं. बरं, थांबावं म्हटलं तर पुन्हा निघता येत नाही. मागचं चाक खडीवर नुसतं फिरतं आणि माणूस आडवा होतो. म्हणून माझ्या नवऱ्याचा नियम होता. चढावर मागे बघायचं नाही. मागचं सगळं कानानं बघायचं.

कसं?

वाटेत काही आलं की पुढचा ओरडणार, "दगड!" मधला तेच ओरडणार, "दगड!" शेवटचा तेच ओरडून वर एक शब्द जोडणार, "दगड! शेपूट!"

शेपूट म्हणजे सगळ्यात मागचा. शेपूट ऐकू आलं की पुढच्यानं समजायचं, सगळे आहेत, चला. हा शब्द बारक्यानंच लहानपणी काढलेला. तेव्हापासून आम्ही हेच करत आलो. एकदाही घोटाळा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशीचा दुपारचा चढ म्हणजे त्या अख्ख्या मार्गातल्या चढांचा बाप. खाली ओढा, वर खिंड, आणि मधे वळणांवर वळणं. आम्ही ओढ्यापाशी बाटल्या भरल्या. बारक्या गुडघाभर पाण्यात उभा राहून तोंड धूत होता.

"वहिनी, कालपासून तुझं मागचं चाक बघतोय. कंटाळा आला. जरा जोर लाव, नाहीतर मी इथेच म्हातारा होईन."

"हो की म्हातारा. माझी सुटका होईल."

तो खो खो हसला. अंगावर पाणी उडवलं माझ्या.

त्याचं हसणं मी तेवढं शेवटचं बघितलं.

चढ सुरू झाला. थोडा वेळ सगळं झकास चाललं होतं. बारक्या मागून गाणं म्हणत होता, सुराचा आणि त्याचा संबंध नव्हता. मधेच लिफ्टमध्ये अडकलेल्या कुठल्याशा वकिलाची गोष्ट सांगत होता. मला हसूही येत होतं आणि दमही लागत होता. मी ओरडले, "गप रे, मला श्वास घेऊ दे!"

मग धुकं उतरलं.

हळूहळू वगैरे नाही. वरच्या वळणावर होतं, पुढच्या वळणाला अंगावर. नवरा दिसेनासा झाला. माझं पुढचं चाक तेवढं दिसत होतं, आणि चाकापुढची वीतभर खडी.

"दगड!" पुढून नवरा.

"दगड!" मी.

"दगड! शेपूट!" मागून बारक्या.

ठीक.

"ओहोळ!"

"ओहोळ!"

"ओहोळ! शेपूट!"

ठीक.

त्यानंतर मागे काहीतरी वाजलं.

मोठा आवाज नव्हता. भरलेली पिशवी जमिनीवर ठेवावी, तेवढाच.

"बारक्या?"

काही नाही...

"बारक्या, काय पडलं रे?"

"शेपूट!"

आलं बाई, म्हटलं मनात. पाण्याची बाटली पडली असेल. मी पॅडल मारत राहिले.

पण गाणं थांबलं होतं.

वकिलाची गोष्ट अर्धीच राहिली होती. हे मला जरा वेळानं जाणवलं. बारक्या गोष्ट अर्धी सोडणारा नव्हे. दात काढायला नेलं होतं तेव्हा डॉक्टरचा हात तोंडात असताना गोष्ट पुरी केली होती त्यानं.

"काय रे, मग वकिलाचं काय झालं?"

"शेपूट!"

"अरे, वकिलाचं विचारतेय!"

"शेपूट!"

आवाज त्याचाच. अगदी त्याचाच, तो शेवटी घोगरा होणारा. मला राग आला. खरं सांगते, राग आला, भीती नाही. म्हटलं याला आता मस्करी सुचतेय, आणि इथे माझ्या मांड्यांचा भुगा झालाय.

"वर पोचू दे, मग बघते तुझ्याकडे!" मी ओरडले.

आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली.

मी भात्यासारखी धापा टाकत होते. पुढे नवराही धापा टाकत होता, त्याची हाक तुटक येत होती. आणि मागून येणारा आवाज...

त्याला दम लागलेलाच नव्हता.

घरात खुर्चीवर बसून बोलावं, तसा स्वच्छ आवाज.

"दगड!" पुढून.

"दगड!" मी. माझा आवाज जरा चिरकला.

"दगड! शेपूट!"

आता तो जवळून आला. फार जवळून. मागच्या चाकाला चाक लावून चालवावं तेवढ्या अंतरावरून. बारक्या एवढं जवळ कधीच यायचा नाही. नवऱ्यानं त्याला त्यावरून शिव्या घातलेल्या होत्या.

मान वळवावीशी वाटली. इतकी, की मानेच्या शिरा दुखायला लागल्या. पण वाट तिथे निमुळती झाली होती, उजवा पाय दरीच्या अंगाला होता. नाही वळवली.

वळणावरून वर गेले, आणि मागून हाक आली.

"खड्डा! शेपूट!"

मी सवयीनं "खड्डा!" म्हणणार, तोवर माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

पुढून हाक आलेलीच नव्हती.

दोन पॅडल झाली... तीन झाली...

"खड्डा!" पुढून नवरा ओरडला.

आणि माझं चाक खड्ड्यात गेलं. कशीबशी सावरले.

मागच्याला खड्डा आधी कसा कळला? तुम्हीच सांगा मला. आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

"अहो!" मी नवऱ्याला हाक मारली. "अहो, थांबा!"

पुढून त्याचा आवाज आला. "आलीच खिंड. इथे नको थांबू, घसरशील!"

बरोबरच होतं त्याचं. मी चढवत राहिले. दात आवळून, पुढे बघत.

खिंडीच्या अलीकडे थोडा सपाट तुकडा होता. तिथे पाय थांबवले. चाक आपोआप चालायला लागलं.

आता हे नीट ऐका. सायकल चालवणाऱ्याला लगेच कळेल, इतरांना सांगते. पॅडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकातून कटकट आवाज येतो. चढावर तो येत नाही, कारण चढावर पाय थांबतच नाहीत. प्रत्येक सायकलची कटकट वेगळी. बारक्याच्या चाकाची तर एवढी मोठी, की गल्लीत शिरला की सासूबाई भांडं शेगडीवर चढवायच्या.

पुढे नवऱ्याच्या चाकाची कटकट ऐकू आली.

माझ्या चाकाची ऐकू आली.

मागे...

मागे काहीच नाही. साधं चाक खडीवरून चालल्याचाही आवाज नाही.

"शेपूट!"

माझ्या कानाशी.

मी ब्रेक दाबला, पाय टेकला आणि वळले.

धुकं होतं. वाट होती. वाटेवर माझ्या चाकाची ओली रेघ होती, आणि त्या रेघेवर दुसरी रेघ नव्हती.

नवरा मागे फिरून आला. आम्ही दोघं थांबलो. आता येईल, मग येईल.

"बारक्या, पुरे कर थट्टा!" नवरा ओरडला. "ये वर!"

"शेपूट!"

आवाज आला, पण खालून. वाटेवरून नाही, दरीच्या अंगानं.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "तिकडे वाट नाहीये," तो म्हणाला. एवढंच.

सायकली तिथेच आडव्या टाकल्या आणि आम्ही पायी उतरायला लागलो. फोनला रेंज नव्हती. वाट एकाच माणसापुरती. तो पुढे, मी मागे. धुकं इतकं दाट होतं की हात लांब केला तर बोटं दिसेनात.

"बारक्या!"

"शेपूट!" खालच्या वळणावरून.

धावत ते वळण गाठलं. कोणी नाही.

"बारक्या, जिथे आहेस तिथे थांब!"

"शेपूट!" त्याच्या खालच्या वळणावरून.

असं आम्ही उतरत गेलो. नवरा मधूनमधून विचारायचा, "आहेस ना?" मी म्हणायचे, "आहे, आहे." प्रत्येक वळणावर वाटायचं, आता सापडला. आणि आवाज पुढच्या वळणावर गेलेला असायचा. मला हुंदके येत होते, तरी मी त्याला शिव्या देत होते. "गाढवा, थांब ना रे! पाया पडते तुझ्या!"

उतरत उतरत आम्ही पार ओढ्यापाशी आलो.

तिथे आवाज बंद झाला.

किती हाका मारल्या असतील, घसा बसला. ओढ्याचं पाणी वाहत होतं तेवढंच. मग नवरा मटकन खाली बसला आणि म्हणाला, "अगं, आपल्याला खाली आणलंय."

"कोणी?"

तो उठला आणि वर पळत सुटला.

धुकं विरायला लागलं होतं. साधारण मध्यावर, एका वळणाच्या काठाला खडी खाली गेलेली दिसली. खाली झुडपात चाक अडकलं होतं. बारक्याचं.

आणि त्याच्या शेजारी बारक्या.

वाटेच्या खाली किती, तर एक माणूस उभा राहिला तर त्याचं डोकं वाटेला लागेल एवढाच. आम्ही त्याच्या डोक्यावरून गेलो होतो. आवाजामागे धावत, त्याच्याच नावानं ओरडत, त्याच्या डोक्यावरून.

जिवंत होता. डोळे उघडे होते.

मी बसून घसरत खाली गेले. "बारक्या, आले रे बाळा, आले मी..."

त्यानं माझ्याकडे बघितलं.

आणि तो मागे सरकला.

त्याचं कमरेचं हाड मोडलेलं होतं. असा माणूस बोटभर हलला तरी किंचाळतो, मी रोज बघते. तो हातभर मागे सरकला, माझ्यापासून.

"दादा," तो म्हणाला, "हिला माझ्याजवळ येऊ देऊ नकोस."

मला वाटलं, डोक्याला मार लागलाय.

नवऱ्यानं त्याला उचलून ओढ्यापलीकडच्या रस्त्यावर आणलं. तिथे लाकडं नेणारा एक ट्रक मिळाला. पायथ्याच्या गावातलं हॉस्पिटल म्हणजे चार खोल्या. तिथले डॉक्टर तरुण होते, चांगले होते. म्हणाले, लगेच एक्स-रे हवा, पण काढणारा रजेवर आहे.

"मी काढते," मी म्हटलं. "तेच काम आहे माझं."

यंत्र जुनं होतं, पण मला माहीत असलेलं. बारक्याला टेबलावर घेतलं. त्याचे हात थंडगार पडले होते. मी त्याची कंबर सरळ करायला लागले, तर त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी मिटायचा तसे.

मी काचेमागे गेले. रोज प्रत्येकाला सांगते तेच सांगितलं.

"श्वास घे. धरून ठेव. हलू नकोस."

तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, आवाज न करता रडत होता.

मी बाहेर आले. "खूप दुखतंय का रे?"

"तिथेही हेच म्हणत होतीस."

"कुठे?"

"पडलो तेव्हा मी ओरडलो. तू लगेच आलीस, वहिनी. चालत. मला वाटलं, सुटलो."

"मी नाही आले, बारक्या. मी सायकलवर होते. वर होते."

"माझ्यापाशी बसलीस. डोक्यावरून हात फिरवलास. मी म्हटलं, दादाला हाक मार. तू म्हणालीस, श्वास धरून ठेव, हलू नकोस. मग तू वर तोंड केलंस..."

त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"आणि शेपूट म्हणून ओरडलीस. माझ्या आवाजात."

मी टेबलाची कड धरली.

"परत परत ओरडत होतीस. मी ओरडायला गेलो की माझ्या तोंडावर हात. आणि हसत नव्हतीस की रागावली नव्हतीस. घरी भाजी निवडताना असतेस ना, तशीच होतीस."

"बारक्या, ती मी नव्हते. आम्ही तुला शोधायला खाली आलो, दोघं..."

"दादा आला. माझ्या डोक्यावरून गेला. त्याचे बूट दिसले मला. एकटाच होता."

"मी होते त्याच्या मागे!"

"तू माझ्यापाशी होतीस," बारक्या म्हणाला. "माझं तोंड दाबून."

कमरेची आणि छातीची, दोन्ही फिल्म झाल्या. मी त्या उजेडात धरल्या. कमरेचं हाड दोन ठिकाणी, बरगड्या तीन. हाडांचं काही नाही, हाडं जुळतात. डॉक्टरांनी पोटाला हात लावून बघितलं आणि मला बाहेर नेलं. आत रक्तस्राव होता. मोठ्या हॉस्पिटलला न्यायला हवं होतं, पण तो तेवढा रस्ता सहन करेल असं त्यांना वाटत नव्हतं.

"पडल्या पडल्या आणलं असतं तर..." ते म्हणाले. माझ्या पेशातला माणूस. पुढचं मला माहीत होतं.

मी पुन्हा आत गेले. त्याचा हात धरायचा होता. त्यानं हात पांघरुणाखाली घेतला.

"एकच सांग," तो म्हणाला. "मी तुझं काय वाईट केलं होतं?"

काय सांगणार? काही नाही रे, काही नाही, असं म्हणत राहिले. तो ऐकत होता आणि त्याला पटत नव्हतं. मी त्याला वाढवलंय. त्याला काय पटतं आणि काय नाही, ते मला त्याच्या भुवयांवरून कळतं.

सासूबाई सकाळी पोचल्या. त्यानं त्यांना जवळ बोलावलं, मला बाहेर थांबायला लावलं. दार अर्धवट उघडं होतं. मी शब्दन् शब्द ऐकला. मला सांगितलं होतं तेच. वाढवून नाही, रंगवून नाही.

त्यानंतर थोड्याच वेळात तो गेला.

शेवटपर्यंत त्यानं मला आत येऊ दिलं नाही. ज्याला मी घास भरवले, त्यानं माझ्याकडे पाठ फिरवून प्राण सोडला. असा सूड वैऱ्यानंही घेऊ नये. पण बारक्यानं नव्हता घेतला तो. कोणी घेतला, का घेतला, माझ्याशी त्याचं काय वैर होतं, मला माहीत नाही.

सासूबाई बाहेर आल्या. रडत नव्हत्या. माझ्या हातात बारक्याच्या कपड्यांची पिशवी होती, नर्सनं दिलेली. त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला विचारलं.

"ही तुझ्या मागे होती ना? पूर्ण वेळ?"

मला बरं वाटलं. म्हटलं आता हा सांगेल. हा होता ना तिथे.

नवरा भिंतीकडे बघत होता.

"आवाज येत होता, आई," तो म्हणाला. "हिचा आवाज येत होता."

"बघितलंस का?"

"वाट अरुंद होती. धुकं होतं. मी विचारत होतो, आहेस ना. ही म्हणत होती, आहे."

सासूबाईंनी मान हलवली. माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि बाकावर जाऊन बसल्या.

आता त्या आमच्याकडे राहत नाहीत. धाकट्या बहिणीकडे असतात. फोन केला तर मुलाशी बोलतात. माझा नवरा वाईट माणूस नाही. त्यानं मला घराबाहेर काढलं नाही, कधी आवाज चढवला नाही. दुकान, घर, जेवण, झोप. मी अजून कामावर जाते, पण "श्वास धरून ठेव" हे वाक्य मला म्हणता येत नाही. पेशंटला खुणेनं सांगते. लोकांना वाटतं, बाई मुकी आहे.

गेल्या महिन्यात, रविवारीच, चहा पिताना नवरा म्हणाला, "अगं, एकदा खरं सांग. मी कोणाला बोलणार नाही. तुला काही म्हणणारही नाही."

मी खरं सांगितलं. हे, इथे लिहिलंय तेच. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कप धुतला आणि दुकानात गेला.

मी तिथे नव्हते. मी माझ्या नवऱ्याच्या मागे होते. हे मी शपथेवर सांगेन.

पण त्या दिवसापासून मी रोज आठवून बघते. खिंडीपासून खाली उतरताना माझ्या पुढे त्याची पाठ असायला हवी. त्याचं निळं जाकीट, खांद्यावरची पिशवी. डोळे मिटून खूप शोधते.

पाठ आठवत नाही. "आहेस ना?" एवढा त्याचा आवाज आठवतो.